बिरुआप्पा, एकटेच या

रक्ततपासणीच्या प्लेटमधल्या पाचव्या रांगेतला एक खळगा पिवळा झाला होता. हळदीसारखा नाही, हळद पाण्यात विरघळत नाही, तळाशी बसते. हा पिवळा सगळीकडे सारखा होता, लिंबाच्या सरबतासारखा पारदर्शक. शेजारचे खळगे पाण्यासारखे रंगहीन होते. मी प्लेट खिडकीकडे धरून पाहिली, मग यंत्रात घालून आकडा घेतला. आकडाही तेच म्हणत होता. दुसऱ्या दिवशी त्याच नमुन्याची चाचणी दोन खळग्यांत पुन्हा लावली. दोन्ही पिवळे झाले.

ही चाचणी हिपॅटायटिस सीची होती. रक्तातून रक्तात जाणारी कावीळ. नाव कावीळ असलं तरी डोळे पिवळे होतीलच असं नाही. बहुतेकांना वर्षानुवर्षं काहीच जाणवत नाही आणि आत यकृत हळूहळू कडक होत जातं. आता यावर गोळ्या आहेत. तीन महिने नेमाने घेतल्या तर जवळजवळ सगळे बरे होतात. फक्त अशा माणसाने पुन्हा कधी रक्तदान करायचं नाही. बरं झाल्यावरही नाही.

त्या रक्ताची पिशवी आम्ही नियमाप्रमाणे नष्ट केली. नियमाप्रमाणेच पुढचं काम माझ्याकडे आलं, कारण आमच्या रक्तपेढीत चाचण्या मी करते आणि समुपदेशनही मीच करते. रक्तदात्याला बोलवायचं, एकट्याला बसवायचं आणि सांगायचं. दुसऱ्या कुणाच्या कानावर ते जाता कामा नये. मी पिशवीच्या क्रमांकावरून नाव शोधलं. मग मान वर करून दाराबाहेरच्या पोस्टरकडे पाहिलं, कारण ते नाव तिथेही होतं.

पोस्टरवर बिरुदेव, सगळ्यांचे बिरुआप्पा, हसत होते. मंद्रूपच्या पुढे माळावर त्यांची धनगरवस्ती. दर तीन-चार महिन्यांनी, मेंढरं कुठेही चरायला गेलेली असोत, ते सोलापूरला येऊन रक्त देऊन जात. त्यांच्या फोटोखाली लाल अक्षरांत लिहिलं होतं : ‘यांनी दिलं. तुम्ही कधी?’ एप्रिलमध्ये त्यांनी दिलं ते एकोणपन्नासावं. जुलैत पन्नासावं होणार आणि त्यांचा सत्कार होणार, हे रक्तपेढीत झाडूवाल्या मावशींनाही ठाऊक होतं.

मी फोन केला.

“हॅलो, बिरुदेव आहेत का? मी रक्तपेढीतून बोलतेय.”

“कोन? रक्तपेढी? अय, आवाज बंद करा रं, रक्तपेढी हाय!” पलीकडे एक बाई ओरडली. ती फुलाबाई, आप्पांची बायको. त्या फोनचा कानाला लावायचा भाग बिघडलेला होता, त्यामुळे तो स्पीकरवरच चालायचा. मागे मेंढरं, एक मोटारसायकल आणि किमान सहा माणसं ऐकू येत होती.

“आप्पांना इकडे यायला सांगाल का? थोडं बोलायचं आहे. एकटेच या म्हणावं.”

क्षणभर मेंढरंसुद्धा गप्प झाल्यासारखी वाटली. मग एक पुरुषी आवाज हळूच म्हणाला, “एकटंच म्हन्त्यात. म्हंजे सत्काराचं हाय. आत्ताच फोडायचं नसंल त्यास्नी.”

तो बिभीषण, आप्पांचा धाकटा भाऊ. एकदा ग्रामपंचायतीचा सदस्य होता आणि तेव्हापासून त्याला प्रत्येक गोष्टीतला आतला अर्थ कळतो.

दोन दिवसांनी बिरुआप्पा एकटे आले नाहीत. एका जीपमधून सात जण आले. आमची समुपदेशनाची खोली म्हणजे पूर्वी जुना फ्रीज ठेवायची जागा. तिच्यात एक टेबल, दोन खुर्च्या आणि एक दार मावतं. सातही जण आत शिरले. मी टेबल आणि भिंत यांच्या मधे उभी राहिले.

“बाकीच्यांनी जरा बाहेर थांबाल का?” मी म्हटलं.

“भायेर?” बिभीषण म्हणाला. “आमी परकं हाव व्हय?”

“परके नाही. पण हे आप्पांचं खासगी बोलणं आहे.”

फुलाबाई माझ्याकडे दयेने बघत होती. “म्याडम, ह्यो मानूस पोटात कायबी ठिवत न्हाय. भायेर आला की सांगनारच. मंग दोनदा कशाला? आताच सांगा की सगळ्यास्नी.”

आप्पाही म्हणाले, “सांगा की, म्याडम. आपल्यात कसली लपवाछपवी.”

ही संमती आहे का, याचा मी प्रामाणिकपणे विचार केला. पण आपण काय ऐकणार आहोत हे ज्याला ठाऊक नाही, त्याच्या संमतीला काही अर्थ नसतो. आप्पा शाल आणि नारळ ऐकायला तयार होऊन बसले होते. 

तेवढ्यात आमचे प्रमुख, डॉक्टर विरुपाक्ष, दारात आले. मे महिना लागला होता. सोलापूरच्या मे महिन्यात माणसं स्वतःच्या घामालाही जपतात, रक्त कोण देणार? आमचा फ्रीज रिकामा होता आणि थॅलेसेमियाच्या दोन मुलांचे वडील सकाळपासून बाकावर बसून होते. डॉक्टरांनी सात धडधाकट माणसं पाहिली आणि त्यांचा चेहरा एकदम कोवळा झाला.

“आलाच आहात,” ते म्हणाले, “तर देऊनच जा.”

आप्पांचे तीन महिने भरले नव्हते आणि फुलाबाईचं हिमोग्लोबिन कमी निघालं. उरलेल्या पाच जणांनी रक्त दिलं. आप्पा या बेडवरून त्या बेडवर फिरत प्रत्येकाचा हात धरून सांगत होते, “मुंगी चावल्यावानी वाटंल. मंग कायबी न्हाय.” सगळे चहा-बिस्किटं घेऊन गेले. मी जिथे होते तिथेच उभी होते.

“सांगितलंत का?” डॉक्टरांनी संध्याकाळी विचारलं.

“नाही सर. ते एकटे आलेच नाहीत.”

“मग परत बोलवा. गोपनीयता म्हणजे गोपनीयता.” ते फ्रीज उघडून आत पाहत होते. “मात्र बोलावताना तसंच सांगा. एकटेच या म्हणून.”

मी पत्र लिहायचं सुचवलं. डॉक्टर म्हणाले, पत्र कोण वाचणार? मी म्हटलं, आप्पा. ते म्हणाले, आप्पांना अक्षर लागत नाही, पत्र बिभीषण वाचेल आणि पारावर उभा राहून वाचेल. ते खरं होतं.

दुसऱ्यांदा फोन केला तेव्हा मी जास्त स्पष्ट बोलले. “या वेळी खरंच एकटे या. कुणाला सांगूही नका.”

त्याचा परिणाम जास्त स्पष्ट झाला. टेम्पो भरून माणसं आली. ज्या सत्काराबद्दल कुणाला सांगायचंही नाही, तो साधा सत्कार नसणार. मंत्रीबिंत्री येणार असतील, असं वस्तीत ठरलं होतं. वयस्क माणसं फेटे बांधून आली होती. एकाने आमच्या गेटजवळ उभं राहून मंत्र्यांच्या गाडीची वाट पाहिली.

या खेपेला ते भेटवस्तूही घेऊन आले. माझ्यासाठी एक काळी घोंगडी, त्यांनीच विणलेली, लोकरीचा उग्र वास असलेली. आप्पांनी ती स्वतः माझ्या हातात दिली आणि म्हणाले, “ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी. लागंल.” सोलापूरच्या मे महिन्यात घोंगडी कशाला लागेल ते मला कळलं नाही. मी आभार मानले आणि ती समुपदेशनाच्या खोलीतल्या फळीवर ठेवून दिली.

डॉक्टरांसाठी त्यांनी कोकरू आणलं होतं. डॉक्टर लिंगायत आहेत. कोकरू पाहून ते दोन पावलं मागे सरले.

“खायाला न्हाय हो,” फुलाबाई म्हणाली, “पाळायला.”

कोकरू जनरेटरच्या खोलीबाहेर बांधलं. रक्तदात्यांसाठी ठेवलेली ग्लुकोजची बिस्किटं त्याने पहिल्या दिवशीच शोधून काढली. टेम्पोतल्या माणसांनी रांग लावून रक्त दिलं आणि मी आप्पांपर्यंत पोहोचायचा तीनदा प्रयत्न केला. पहिल्यांदा आमच्या मधे रांग होती. दुसऱ्यांदा बिभीषण होता. तिसऱ्यांदा मी त्यांना पाण्याच्या टाकीमागे गाठलं, तर तिथे चौघे जण तोंड धूत होते आणि त्यांनी आप्पांबरोबर माझाही फोटो काढला.

“छान जमतंय तुम्हाला,” डॉक्टर म्हणाले.

“सर, काहीच जमत नाहीये. त्यांना उपचार सुरू करायला हवेत. घरच्यांची तपासणी करायला हवी. एका वस्तऱ्याने किती जण दाढी करतात कुणास ठाऊक.”

“अगदी बरोबर. बोलवायलाच हवं.” त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. “असं करा, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात बोलवा. तेव्हा ओ पॉझिटिव्ह कमी पडेल.”

 डॉक्टर वाईट मनुष्य नाहीत. बाकावरच्या त्या दोन मुलांना रक्त मिळालं होतं, तेही याच पिशव्यांमधून. सगळं तपासून, नीट. म्हणूनच मला त्यांच्याशी भांडता येईना. मी आप्पांना सांगू शकत नव्हते, आणि मी सांगू शकत नव्हते म्हणून लोकांचे जीव वाचत होते.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत मी थांबले नाही. एका रविवारी जुळे सोलापूर भागातल्या घरून स्कूटर काढली आणि मंद्रूपच्या रस्त्याला लागले. विचार सरळ होता. रक्तपेढीत गर्दी होते. माळावर माणूस एकटा सापडेल.

वस्तीवर पोहोचले तेव्हा माझा सत्कार सुरू झाला. कुणीतरी रस्त्यावरच मला ओळखलं होतं. मला आणि आप्पांना प्लास्टिकच्या दोन खुर्च्यांवर शेजारी शेजारी बसवलं. साडी, नारळ, हार. बिभीषणने माझ्यावर भाषण केलं; त्यात मी दिल्लीहून आल्याचा उल्लेख होता. मी आप्पांच्या कानाशी वाकून म्हटलं, “जरा बाजूला चलता का?” ते लगेच उठले. आम्ही मेंढरांच्या वाड्याकडे निघालो आणि सगळी वस्ती आमच्या मागे निघाली.

“आप्पा,” मी शेवटी विचारलं, “तुम्ही एकटे कधी असता?”

आप्पांनी बराच विचार केला. “एकटं म्हंजे?”

“म्हणजे जवळ दुसरं कुणी नाही.”

“तसं कशाला?” फुलाबाई मागून म्हणाली. “लगीन झाल्यापास्नं मी ह्या मानसाला एकटा बगितला न्हाय. एकटा असंल तर मला दिसंल कसा?”



परतताना लिंबाखाली मी एक चमत्कारिक दृश्य पाहिलं. दोन म्हातारे जमिनीवर काळी घोंगडी टाकून तिच्यावर समोरासमोर बसले होते, डोकी जवळ आणून. त्यांच्याभोवती दहा-बारा माणसं उभी होती आणि सगळ्यांनी त्यांच्याकडे पाठ केली होती. कुणी हलत नव्हतं. कुत्रंही तोंड फिरवून बसलं होतं. एखादा देवाचा विधी असेल, असं मी मनात म्हटलं. निरीक्षण करायचं आणि लगेच निष्कर्ष काढायचा नाही, असं आम्हाला शिकवलेलं असतं. त्यानंतर प्रश्न विचारायचा असतो. तो मी विचारला नाही. अंधार पडायच्या आत घरी पोहोचायचं होतं.

जूनमध्ये डॉक्टरांच्या वेळापत्रकाप्रमाणे आणखी एकदा बोलावणं झालं. दोन टेम्पो आले. जुलै उजाडला. कोकराला बिस्किटं मानवली होती. कानांच्या पुढे शिंगांची टेंगळं फुटली होती आणि ते डॉक्टरांच्या गाडीला धडका देऊ लागलं होतं. मला कॅलेंडर बघायची गरज पडत नसे. जनरेटरच्या खोलीकडे पाहिलं की किती उशीर झालाय ते समजायचं.

पन्नासाव्या रक्तदानाच्या दिवशी अंगणात मांडव घातला होता. सकाळी मी डॉक्टरांच्या खोलीत गेले.

“सर, आज त्यांना बेडवर घ्यायचं नाही. आजच सांगायला हवं.”

“सांगा ना. सत्कारानंतर सांगा.”

“सत्कार झाल्यावर ते सरळ बेडवर जातील.”

“मग बेडवर सांगा.”

“बेडभोवती सगळी वस्ती असेल.”

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. “मग सत्काराच्या आधी,” ते म्हणाले. तेवढ्यात बाहेर ढोल वाजला आणि आधीची वेळही संपली.

गजीनाच करणारी मंडळी पांढरे झगे घालून, रुमाल उडवत गेटातून आत आली. मागे बायका, मागे पोरं, मागे फुलं लावलेला टेम्पो. “बिरोबाच्या नावानं चांगभलं!” असं म्हणत कुणीतरी भंडारा उधळला आणि अंगण पिवळं झालं. मांडव, खुर्च्या, डॉक्टरांचा कोट, कोकरू, सगळं पिवळं. पोस्टरवरचे आप्पाही पिवळे झाले. खरे आप्पा त्याच्याखाली उभे राहून हसत होते, तसेच.

बिभीषणने माईक घेतला. “आज आमच्या दादाचं पन्नासावं! पर दादानं रक्तपेढीपासनं येक गोष्ट लपवून ठिवली हुती. दादा, दाव आता.”

आप्पा लाजले. मग त्यांनी सदऱ्याच्या गुंड्या सोडल्या. डाव्या छातीवर गोंदलेलं होतं. लाल शाईचा रक्ताचा मोठा थेंब आणि त्याच्या पोटात हिरव्या आकड्यांत ५०.

टाळ्या पडल्या. मी पुढे गेले. “हे कधी गोंदवलंत?”

“जानेवारीत, गड्ड्याच्या जत्रंत.”

“एप्रिलमध्ये मी तुम्हाला विचारलं होतं. या वर्षात गोंदवलंय का, असं स्पष्ट विचारलं होतं. तुम्ही नाही म्हणालात.”

“मंग?” आप्पांना माझ्या प्रश्नाचं नवल वाटलं. “तवाच सांगितलं असतं तर आजची मजा ऱ्हायली असती का?”

मी डिसेंबरचं रक्तदान, जानेवारीचं गोंदण, एप्रिलचं रक्तदान असं मनात मांडत होते, तोवर बिभीषण पुन्हा बोलू लागला होता. “आन् आजच्या दिशी आमच्या भावकीतली समदी तरणी पोरं ह्योच थेंब छातीवर घेनार हायेत! दादाला ज्यानं गोंदलं त्यो नंदीश सोता आलाय!”

मांडवाच्या कडेला एक बारीकसा माणूस स्टुलावर बसला होता. समोर त्याचं गोंदणाचं यंत्र, शाईच्या दोन बाटल्या, स्टीलच्या वाटीत पाणी आणि एक फडकं. पोरांनी सदरे काढून रांग लावली होती. त्यांतले निम्मे मला ओळखीचे होते. त्यांची रक्तं मी तपासली होती. सगळी रंगहीन निघाली होती.

“सुई बदलता का?” मी नंदीशला विचारलं.

“बदलतो की, मॅडम. मोडली की बदलतो.”

“प्रत्येकाला नवी घ्या. नसेल तर मी आणवते.”

“नवी?” रांगेतला पहिला पोरगा दुखावला. “आमास्नी आप्पाच्याच सुईनं पायजे. त्यातच तर मान हाय.”

“बराबर हाय,” बिभीषण म्हणाला. “नंदीशनं खास जपून ठिवलीय ती.”

नंदीशने काडेपेटी उघडून सुई दाखवली. यंत्र लावलं. ते गुणगुणू लागलं.

“थांबा!” मी म्हणाले. माझा आवाज एवढा मोठा होऊ शकतो हे मला माहीत नव्हतं. ढोल थांबला. सगळे माझ्याकडे पाहू लागले. का थांबायचं ते सांगितलं, तर आप्पांचं नाव न घेता सांगताच येत नव्हतं, आणि त्यांचं नाव घ्यायचा मला अधिकार नव्हता. डॉक्टर कोकराची दोरी धरून उभे होते. मी आप्पांकडे पाहिलं. आप्पा माझ्याकडे पाहत होते. ते आता हसत नव्हते.

“म्याडम,” ते हळू आवाजात म्हणाले, “तुमी किती महिनं झालं माझ्याशी बोलाय बगताय. मंग बोलत का न्हाय?”

“इथे कसं बोलू? आप्पा, तुमच्यात दोघांचंच बोलणं असलं, तर तुम्ही काय करता?”

आप्पांनी वेड्याकडे पाहावं तसं पाहिलं. “घोंगडी टाकतो की. दिलीय न्हवं तुमास्नी?”

मला लिंबाखालचे दोन म्हातारे आठवले. मी पळत आत गेले, फळीवरची घोंगडी ओढली आणि अंगणाच्या मधोमध, भंडाऱ्यावर, ती अंथरली. आप्पा वहाणा काढून तिच्यावर बसले. मी चप्पल काढून समोर बसले.

कुणी हुकूम दिला नाही. सगळी वस्ती वळली. ढोलवाले, झगेवाले, बायका, सदरे काढलेली पोरं, काडेपेटीसकट नंदीश. कडेवरच्या लेकरांची तोंडं आयांनी हाताने फिरवली. डॉक्टर उभेच होते. बिभीषणने, स्वतः मागे न बघता, त्यांचा खांदा धरून त्यांना वळवलं. आमच्याभोवती पाठींची एक भिंत तयार झाली. तिला दार नव्हतं आणि आमच्या समुपदेशनाच्या खोलीपेक्षा ती कितीतरी पक्की होती. फक्त कोकरू आमच्याकडे बघत होतं. त्याला रीत माहीत नव्हती.

मी सांगितलं. जसं सांगायचं असतं तसं, सावकाश, एकेक गोष्ट. कसला आजार, कसा पसरतो, कशाने पसरत नाही, काय उपचार. आप्पा जमिनीकडे बघत ऐकत होते.

“एप्रिलातलं रगत कुनाला गेलं?” हा त्यांचा पहिला प्रश्न होता.

“कुणालाच नाही. नष्ट केलं.”

“आन् त्याच्या आदीचं?”

“डिसेंबरचं. ते गोंदणाच्या आधीचं, आणि तपासणीत चांगलं निघालं होतं.”

“म्हंजे ह्या सुईनं झालं.”

“तसं मी ठाम सांगू शकत नाही. वस्तऱ्यानेही होतं, इंजेक्शनच्या सुईनेही होतं. पण या सुईवर तुमचं रक्त लागलं होतं, हे नक्की.”

“फुलाला?”

“तपासावं लागेल. उद्याच तपासू. बहुधा नसेल.”

“मी मरतूय का?”

“नाही. गोळ्या घेतल्यात तर नाही. मेंढरं राखाल, सगळं कराल. रक्त तेवढं देता येणार नाही. कधीच.”

 पाठी हलल्या नाहीत. मग त्यांनी विचारलं, “इतकं महिनं काय करत हुता?”

“तुम्हाला एकटं बोलावत होते.”

“घोंगडी मग दिली कशाला हुती?” त्यांच्या आवाजात राग नव्हता, नवलच होतं. “मला वळखू आलतं, ह्या बाईला कायतरी आतलं सांगायचं हाय. म्हून तर दिली. मला वाटलं, तुमी आज टाकाल, उद्या टाकाल.”



आप्पांनी छातीवरच्या आकड्यावर अंगठा घासला, तो निघतो का पाहावं तसा. “पन्नास लिवलंय आन् येकोनपन्नासच ऱ्हायलं.” मग मान किंचित वळवून रांगेतल्या उघड्या पाठींकडे पाहिलं. “ह्या पोरास्नी तुमी सांगनार?”

“मला सांगता येत नाही. तुमचं गुपित आहे, तुमच्या मर्जीशिवाय मी ते कुणापुढे उघड करू शकत नाही. आज मी सुई काढून घेईन. पण उद्या ती कुठूनतरी परत येईल.”

“बिरोबानं मना केलंय म्हनलं तर?”

 देवाच्या बाजूने किंवा विरुद्ध बोलणं माझं काम नव्हतं.

“न्हाय,” त्यांनी स्वतःच उत्तर दिलं. “देवाचं नाव घेतलं तर ही बेनी देवाला नारळ फोडून परवानगी घेत्याल आन् मंगळवेढ्याच्या जत्रंत जाऊन गोंदत्याल.” त्यांनी पोस्टरकडे एकदा पाहिलं. तिथे त्यांचं हसू पिवळं होऊन वाळत होतं.

मग ते उठले. सदऱ्याच्या गुंड्या खालून वर एकेक करून लावल्या, शेवटची गळ्याशी. घोंगडीवरून खाली उतरले, वहाणा पायात घातल्या.

“वळा रं,” ते म्हणाले.

सगळे वळले. ढोलवाल्याला वाटलं आता रक्तदान सुरू होणार. त्याने टिपरू उचललं. आप्पांनी हात वर करून त्याला थांबवलं. फुलाबाईने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि पदर तोंडाशी धरला.

“नंदीश, ती सुई म्याडमच्या हातात दे. मला रगतातली कावीळ झालीय. ह्या सुईनं झाली का आनखी कशानं, ते म्याडमलाबी ठावं न्हाय. मी गोळ्या खानार हाय, बरा व्हनार हाय. पर आजपास्नं बिरुदेवानं रगत द्यायचं न्हाय, आन् कुनी त्याचं घ्यायचं न्हाय.”